औषधदानाचे दोन हात



जैन परंपरेने दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. यांपैकी औषधदानाचे महत्त्व समाजाला पटवून द्यावे लागत नाही. धर्मार्थ दवाखाना, रुग्णांना मोफत औषधे, शिबिरात चष्मे व गोळ्या, रुग्णवाहिका यांसाठी हात नेहमीच सढळ राहिला आहे. संस्थांच्या वार्षिक अहवालांत किती रुपयांची औषधे वाटली याचा आकडा अभिमानाने छापला जातो आणि तो अभिमान रास्तही आहे.

तरीही एक प्रश्न उरतो. औषधदान पूर्ण कधी होते? दिगंबर परंपरेतील आहारदानात श्रावक मुनींच्या करपात्रात स्वतःच्या हाताने घास ठेवतो. पदार्थ शुद्ध आहे की नाही, वेळ योग्य आहे की नाही, हे देणारा स्वतः पाहतो. औषधदानात तसे होत नाही. दाता पैसे देतो, वैद्य औषध लिहितो, फार्मासिस्ट ते काढून देतो आणि परिचारिका ते रुग्णाच्या शरीरात पोहोचवते. शेवटचे दोन हात फार्मासिस्टचे आणि परिचारिकेचे. दात्याचे पुण्य, वैद्याची विद्या आणि कारखान्याचे रसायन हे सारे या दोन हातांमधल्या वीतभर अंतरातून जाते. त्या अंतरात काय घडते, याकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष असते.

आयुर्वेदाने चिकित्सेचे चार पाद मानले : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. चरकाने परिचारकाचे गुण सांगताना शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी ममत्व आणि शुचिता यांची अपेक्षा केली आहे. या चौकडीत औषध बनवणारा वेगळा माणूस नाही, कारण औषध वैद्यच सिद्ध करीत असे. जैन वैद्यकातही हीच परंपरा दिसते. राष्ट्रकूटकाळातील उग्रादित्याचार्यांनी 'कल्याणकारक' या ग्रंथात मांस, मद्य आणि मध वर्ज्य करून औषधयोजना मांडली. हा ग्रंथ १९४० मध्ये सोलापूरहून छापून प्रसिद्ध झाला. औषध केवळ गुणकारी असून भागत नाही, ते कशापासून बनले हेही पाहिले पाहिजे, हा आग्रह त्यात आहे. थोडक्यात, वैद्य आणि फार्मासिस्ट ही दोन कामे तेव्हा एकाच माणसाच्या ठिकाणी होती.

ती वेगळी झाली आधुनिक काळात. भारतात औषधांच्या शुद्धतेची आणि ती विकणाऱ्यांच्या शिक्षणाची चौकशी करण्यासाठी कर्नल चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल १९३१ मध्ये आला. पुढे १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि १९४८ मध्ये फार्मसी कायदा. म्हणजे दोन व्यवसायांना कायद्याचे अधिष्ठान जेमतेम एका वर्षाच्या अंतराने मिळाले. पण परिषदा वेगळ्या, अभ्यासक्रम वेगळे, वसतिगृहे वेगळी, गणवेशही वेगळे. परिचारिका औषधशास्त्र शिकते आणि फार्मसीचा विद्यार्थीही शिकतो, परंतु एका बाकावर बसून दोघे कधी शिकत नाहीत. त्यांची पहिली भेट होते ती औषध भांडाराच्या खिडकीशी, हातात इंडेंटची वही असताना, आणि बहुधा घाईत. या खिडकीच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोन जाणकारांचे बोलणे 'आहे' आणि 'नाही' या दोन शब्दांत संपावे, हे आपल्या रुग्णालयांचे मोठे दुर्दैव आहे.

हे अंतर किती महत्त्वाचे ठरू शकते याचे उदाहरण यवतमाळ जिल्ह्याने स्वतः अनुभवले आहे. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशी माणसाच्या डोक्याबरोबर वाढली होती. हवेत दमटपणा होता. फवारणाऱ्यांना नळी वर धरून औषध मारावे लागत होते आणि तुषार त्यांच्याच अंगावर, तोंडावर पडत होते. त्या हंगामात जिल्ह्यातील शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधेने रुग्णालयांत दाखल झाले आणि वीसहून अधिक दगावले. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयावर या रुग्णांचा मोठा भार आला. त्या शोकांतिकेची कारणे शेतात होती, बाजारात होती, धोरणातही होती आणि त्यांची चर्चा पुष्कळ झाली. वॉर्डात अशा रुग्णाच्या उशाशी नेमके काय चालते, हे मात्र फारसे लिहिले गेले नाही.

सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाने विषबाधा झालेल्या रुग्णाला ॲट्रोपिन दिले जाते. भारतात त्याची नेहमीची लहान काचेची कुपी १ मिलिलीटरची असते आणि तिच्यात ०.६ मिलिग्रॅम औषध असते. इतर आजारांत एखादी कुपी पुरते. विषबाधेत मात्र रूढ पद्धत अशी की, प्रौढ रुग्णाला आरंभी १.८ ते ३ मिलिग्रॅम द्यायचे आणि दर पाच मिनिटांनी छाती, नाडी, रक्तदाब पाहून, अपेक्षित सुधारणा नसेल तर मात्रा दुप्पट करीत न्यायची. हिशेब मांडून पाहावा. ३ मिलिग्रॅम म्हणजे ५ कुप्या. पाच मिनिटांनी १०, आणखी पाच मिनिटांनी २०, त्यानंतर ४०. गंभीर रुग्णाला पहिल्या पंधरा मिनिटांत ७५ कुप्या लागू शकतात, आणि हा एका रुग्णाचा हिशेब आहे. रात्री दहा वाजता असे चार रुग्ण एकदम आले तर?

येथे परिचारिका आणि फार्मासिस्ट यांचे काम एकमेकांत किती गुंतलेले आहे ते दिसते. छातीतील घुरघुर थांबली का, नाडी ८० च्या वर गेली का, काख कोरडी झाली का, टाचणीच्या टोकाएवढी झालेली बाहुली मोठी होऊ लागली का, हे पाहणारे डोळे परिचारिकेचे. मात्रा जास्त झाली तर रुग्ण बरळू लागतो, त्याला ताप चढतो, लघवी अडते, पोट फुगते. नातेवाइकांना वाटते की विष डोक्यात गेले. जाणत्या सिस्टरला कळते की आता ॲट्रोपिन थांबवण्याविषयी डॉक्टरांना विचारले पाहिजे. पण तिच्या ट्रेमध्ये पुढच्या दुप्पट मात्रेपुरत्या कुप्या आहेत की नाहीत, हे ठरते भांडारात. एका वॉर्डात तासाला किती कुप्या संपत आहेत हे फार्मासिस्टला कोणी सांगितले नाही, तर महिन्याच्या सरासरीवर भरलेला साठा एका रात्रीत आटतो. उलट भांडारात किती शिल्लक आहे हे परिचारिकेला ठाऊक नसेल, तर ती शेवटच्या दहा कुप्यांपर्यंत निर्धास्त राहते. हा साठ्याचा प्रश्न दिसतो, पण मुळात तो बोलण्याचा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट बाटलीची. फवारणीचे प्रत्येक औषध एकाच जातीचे नसते. काहींवर ॲट्रोपिनचा उपयोग होतो, काहींवर मुळीच होत नाही, आणि अनेकदा शेतकरी दोन-तीन औषधे एकत्र करून फवारतो. रुग्णासोबत रिकामी बाटली आली, तर तिच्यावरील रसायनाचे नाव, विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण आणि माहितीपत्रकातील उताऱ्याचा उल्लेख वाचून डॉक्टरांपुढे ठेवणे हे फार्मासिस्टच्या शिक्षणातले काम आहे. ती बाटली मागून घेण्याचे काम मात्र दाराशी रुग्णाला प्रथम भेटणाऱ्या परिचारिकेचे. एकाने मागायचे, दुसऱ्याने वाचायचे. दोघांपैकी एक जरी गप्प राहिला तरी बाटली नातेवाइकाच्या पिशवीतच राहते. उतारा म्हणून दिल्या जाणाऱ्या प्रालिडॉक्सिमचेही असेच आहे. ही पावडर विरघळवून शिरेतून हळूहळू द्यावी लागते. घाईने ढकलली तर हृदयाची क्रिया बंद पडण्यापर्यंत धोका असतो. कुपी देताना 'सिस्टर, हे सावकाश' एवढे तीन शब्द खिडकीतून ऐकू आले, तर त्या तीन शब्दांचे मोल कुपीपेक्षा कमी नाही.

योगायोग असा की, त्याच २०१७ च्या मार्च महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने औषधांमुळे होणारी गंभीर व टाळता येण्यासारखी हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचा संकल्प जाहीर केला होता. पुढे २०१९ पासून दरवर्षी १७ सप्टेंबर हा रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळला जाऊ लागला. तो पुष्कळदा पर्युषणाच्या आगेमागे येतो. क्षमापनेच्या दिवसांत चुकांविषयी मोकळेपणाने बोलण्याचा एक दिवस यावा, हे जैन रुग्णालयांना तरी परके वाटू नये.

चूक किती साध्या रीतीने घडते तेही याच जिल्ह्यात दिसले. ३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यातील एका गावात पोलिओ लसीकरणाच्या वेळी पाच वर्षांखालील १२ बालकांना लसीच्या थेंबांऐवजी हात स्वच्छ करण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. बालकांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने सर्व मुले सुखरूप राहिली आणि संबंधितांवर कारवाई झाली. कारवाईची बातमी झाली की विषय संपतो. खरे तर तेथून तो सुरू व्हायला हवा. कोविडच्या त्या दिवसांत सॅनिटायझरची बाटली प्रत्येक टेबलावर असे. लस २ ते ८ अंश तापमानात थंड पेटीतून येते आणि तिच्या कुपीवर उष्णता लागल्यास गडद होत जाणारी चौकोनी खूण असते. कुपी हातात घेणाऱ्याने प्रत्येक वेळी ती खूण पाहावी अशी शिस्त आहे. सॅनिटायझरच्या बाटलीवर ती खूण असणे शक्यच नाही. म्हणजे चूक अडवणारा दरवाजा होता, पण तो लावला गेला नाही. साठा देणाऱ्याने 'किती कुप्या दिल्या, कोणत्या क्रमांकाच्या' हे मोठ्याने सांगावे आणि घेणाऱ्याने ते मोठ्याने परत म्हणावे, एवढ्या जुन्या, सावकारी वहीतल्या पद्धतीनेही पुष्कळ अनर्थ टळतात.

श्रावकांना हे वेगळे शिकवावे लागत नाही. पाच समितींपैकी आदाननिक्षेपण समिती याच गोष्टीची आहे. वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, पुसून, जीवाला इजा होणार नाही अशा रीतीने उचलावी व ठेवावी. साधूचे पात्र आणि रजोहरण यांच्यासाठी सांगितलेली ही यतना वॉर्डातील औषधांच्या ट्रेला लावून पाहिली तर ती अत्यंत आधुनिक वाटते. पोटॅशियम क्लोराइडची कुपी पाण्याच्या कुपीसारखी दिसते. ती पुष्कळ द्रवात मिसळून संथपणे दिली तर औषध, तशीच शिरेत ढकलली तर हृदय थांबते. म्हणून अनेक रुग्णालयांनी ती वॉर्डाच्या सर्वसाधारण कपाटातून काढून वेगळी, कुलपात ठेवण्याची पद्धत स्वीकारली. कोठे ठेवायचे हे फार्मासिस्टने ठरवले आणि परिचारिकेने ते पाळले, तरच 'निक्षेपण' शुद्ध झाले.

इन्सुलिनचा घोटाळा तर घरोघरी होऊ शकतो. भारतात कुपीतील इन्सुलिन बहुधा एका मिलिलीटरला ४० युनिट या तीव्रतेचे असते, पेनमधील १०० युनिटचे. सिरिंजही दोन प्रकारच्या, ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची नारिंगी टोपणाची. १०० युनिटचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने ओढले, तर आकडा बरोबर दिसतो आणि मात्रा अडीचपट जाते. औषध बरोबर आहे, सिरिंजही चांगली आहे, फक्त जोडी चुकली. ही जोडी फार्मासिस्टच्या गल्ल्यावर जुळते किंवा चुकते, आणि परिचारिकेच्या हाती ती उघडी पडते.

आता समाजाच्या स्वतःच्या आचाराशी निगडित असा भाग. चौविहार पाळणारी वृद्ध श्राविका रुग्णालयात दाखल होते. रात्री नऊची गोळी सिस्टर तिच्या हातावर ठेवते. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणारी ती माउली वाद घालत नाही. गोळी उशीखाली जाते आणि तक्त्यावर 'दिली' अशी खूण होते. सकाळी रक्तदाब चढलेला दिसला की डॉक्टर मात्रा वाढवतात. यात लबाडी कोणाचीच नाही. दाखल होतानाच परिचारिकेने नियमांविषयी आदराने विचारले आणि ते फार्मासिस्टपर्यंत पोहोचवले, तर दिवसातून एकदाच घ्यावी लागणारी किंवा सायंकाळी लवकर देता येणारी औषधयोजना डॉक्टरांना सुचवता येते. अट्ठाई किंवा मासखमणाच्या काळात मधुमेहाच्या गोळ्या नेहमीसारख्या चालू ठेवल्या तर साखर एकाएकी उतरून बेशुद्धी येऊ शकते. हे तपस्वीला पच्चक्खाण घेण्यापूर्वी सांगितले गेले पाहिजे. गल्ल्यावर बसलेला फार्मासिस्ट गावातील कोणाचे उपवास चालू आहेत हे पुष्कळदा डॉक्टरांच्या आधी जाणतो.

कॅप्सूलचा प्रश्न अधिक नाजूक आहे. तिचे कवच बहुधा जिलेटिनचे असते आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातडीपासून मिळते. काही कंपन्या वनस्पतिजन्य सेल्युलोजचे कवच वापरतात. ते कोणत्या औषधात आहे हे फार्मासिस्ट शोधून सांगू शकतो. तो सांगत नाही तेव्हा घरचे लोक कॅप्सूल फोडून आतली पावडर मधाऐवजी साखरेत कालवून देतात, आणि नकार पाहून दया आलेली एखादी परिचारिकाही तसेच करते. काही औषधांत ते चालते. ओमेप्राझोलसारख्या औषधाचे आतले दाणे मात्र जठरातील आम्लापासून वाचावेत म्हणून लेपलेले असतात. ते कुटले तर औषध पोटातच नष्ट होते. रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे हेपॅरिन डुकराच्या आतड्यांच्या अस्तरापासून मिळते, हे अनेकांना ठाऊक नसते. जीव वाचवताना काय स्वीकारायचे हा निर्णय रुग्णाचा आणि त्याच्या वैद्याचा आहे. मात्र तो दिवसा, शांतपणे, माहिती घेऊन व्हावा. मध्यरात्री सुई टोचताना तो प्रश्न उभा राहू नये. उग्रादित्याचार्यांचा प्रश्न बाराशे वर्षांनंतरही जिवंत आहे, फक्त उत्तर देणारे आता दोन आहेत.

संस्थांच्या औषधपेढ्यांविषयीही थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. घरी उरलेली औषधे गोळा करून गरजूंना देण्याचा उपक्रम स्तुत्य आहे. पण कापलेल्या पट्टीवर औषधाचे नाव एका टोकाला आणि मुदतीची तारीख दुसऱ्या टोकाला राहिलेली असते. फ्रिजबाहेर राहिलेले इन्सुलिन दिसायला तसेच असते. उघडलेले डोळ्यांचे थेंब साधारण महिन्यानंतर वापरू नयेत, मग बाटलीवरील मुदत काहीही असो. अशी औषधे नोंदणीकृत फार्मासिस्टने निवडल्याविना सेविकेच्या हाती देणे म्हणजे तिच्या चांगुलपणावर अन्याय करणे होय. फलकावर फार्मासिस्टचे नाव आणि गल्ल्यावर भलताच माणूस, ही पद्धत बाजारात किती रुजली आहे हे सर्वांना माहीत आहे. धर्मादाय दवाखान्यात तरी ती नसावी. दान घेणाऱ्याला विचारणा करण्याचा संकोच असतो, म्हणून तेथे दक्षता दुकानापेक्षा अधिक हवी.

या सहकार्याआड येणारी मोठी अडचण ज्ञानाची नसून मानाची आहे. परिचारिकेने 'ही मात्रा बरोबर आहे ना?' असे विचारले की फार्मासिस्टला आपल्या विद्येवर शंका घेतल्यासारखे वाटते. फार्मासिस्टने 'आधीच्या दहा कुप्यांचे काय झाले?' असे विचारले की परिचारिकेला चोरीचा आळ आल्यासारखे वाटते. आपला जुना 'कंपाउंडर' हा शब्द आणि सिस्टरांना मारली जाणारी एकेरी हाक यांनी दोघांचाही मान कमी केला. मान कमी झालेली माणसे प्रश्न विचारत नाहीत, ती निमूटपणे काम उरकतात. समितींमध्ये भाषा समितीला स्थान का आहे, हे वॉर्डात उभे राहिल्यावर कळते. आभ्यंतर तपांत वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, हे एक तप मानले आहे. ज्यांच्या उपजीविकेचेच ते काम आहे त्यांना विश्वस्तांनी बैठकीत खुर्ची द्यावी, हे त्या तपाला शोभणारे होईल.

यवतमाळ जिल्ह्यात चातुर्मास आणि कपाशीच्या फवारणीचा हंगाम जवळजवळ एकाच वेळी येतात. जीवहिंसा टाळण्यासाठी साधु-साध्वी विहार थांबवून ज्या महिन्यांत एका गावी राहतात, त्याच महिन्यांत त्या गावाच्या शिवारात पाठीवर पंप घेतलेला मजूर विषाच्या तुषारांत चालत असतो. त्याच्यासाठी काही करण्याची इच्छा असलेल्या संस्थेने जेष्ठ महिन्यातच आपल्या दवाखान्याच्या सिस्टरला आणि फार्मासिस्टला एका टेबलाशी बसवावे. ॲट्रोपिनच्या कुप्या मोजाव्यात, मुदती पाहाव्यात, पहिल्या पंधरा मिनिटांना किती लागतील याचा तक्ता भिंतीवर लावावा, रात्री भांडाराची किल्ली कोणाकडे असते आणि त्याचा फोन कोणता, हे त्याच तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहावे, आणि त्याखाली दोघांनीही सही करावी.